गंगापुरे मास्तरांचा मुकाबला

गंगापुरे मास्तरांनी आमच्या नागेश्वरवाडीतलं एक लग्न ऐन मंगलाष्टकांत थांबवलं होतं. भटजींनी सूर लावला होता, अक्षता सगळ्यांच्या मुठीत होत्या, आणि मास्तर हात वर करून म्हणाले, "थांबा. हे दोघं समोरासमोर चालणार नाहीत."

नवरीच्या वडिलांचा चेहराच पडला. नवरीनं खाली घातलेली मान वर केली. पण मास्तरांचं त्या जोडप्याबद्दल काहीच म्हणणं नव्हतं. नवरदेवाचा फेटा होता लालभडक आणि अंतरपाट म्हणून कुणीतरी हिरवीगार शाल धरली होती. "डोळ्याला भांडण दिसतं हो," मास्तर म्हणाले. "पिवळं काही नाही का घरात?" शेवटी मामांचं पिवळं उपरणं मिळालं, मास्तरांनी मान डोलावली आणि लग्न पुढं सरकलं.

मी नुकतीच खुलताबादहून सून म्हणून त्या गल्लीत आले होते. हे कोण म्हणून सासूबाईंना हळूच विचारलं. त्या म्हणाल्या, "आपल्या समोरचेच. ड्रॉइंग मास्तर हायेत. तुझ्या लग्नात ते जालन्याला गेलते म्हणून निभावलं."

मास्तर शिकले निजामाच्या राज्यात, उर्दूत. पोलीस ॲक्शननंतर शाळा मराठी झाल्या तसे तेही मराठी झाले, फक्त रंगांची नावं तेवढी त्यांना बदलता आली नाहीत. केशरी त्यांच्या लेखी जाफरानी, राखाडी सुरमई, काळपट जांभळा ऊदी. शहागंजच्या मंडईत जाऊन "ऊदी वांगी दे, काळी नको" असं सांगणारं गिऱ्हाईक दुसरं नसेल. भाजीवाला निमूट निवडून द्यायचा. "मास्तर, बटाट्याला काय म्हणता तुम्ही?" असं त्यानं एकदा विचारलं, तर मास्तर बटाटा हातात फिरवत तिथंच विचार करत उभे राहिले. मागं रांग लागली.

त्यांच्या ओसरीत खिळ्याला एक पोळपाट टांगलेलं होतं. त्यावर त्यांनी रंगचक्र काढलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला ते समजावून सांगायचे. "लाल, पिवळा, निळा हे तिघं मूळ घराणं. बाकी सगळी सोयरीक. पिवळा अन् निळा मिळून हिरवा, लाल अन् पिवळा मिळून जाफरानी. आता बघा, चक्रात जे एकमेकांना लागून बसलेत त्यांचा शेजार. ते एकत्र नांदतात. जे बरोब्बर समोर बसलेत त्यांचा मुकाबला. लालासमोर हिरवा, निळ्यासमोर जाफरानी, पिवळ्यासमोर जांभळा. दोघं जवळ आणले की दोघंही ओरडतात. आपण कशाला ओरडा ऐकायचा? शेजार पाळा."

"शेजार पाळा" हे त्यांचं पालुपद. आतून त्यांच्या बायकोचा, शांताकाकूंचा, आवाज यायचा, "पोळपाट माझं होतं. तेव्हापासून मी उपड्या ताटावर पोळ्या लाटू राहिले. ते पण सांगा."

गल्लीत लुगड्याची खरेदी मास्तरांशिवाय होत नसे. गुलमंडीवरच्या दुकानात आम्ही बायका बसायचो आणि मास्तर दुकानदाराला म्हणायचे, "ते उजेडात धरा." उजेडात म्हणजे रस्त्यावर. दुकानदार लुगडं घेऊन रस्त्यावर, टांगे थांबलेले, आणि मास्तर डोळे बारीक करून बघताहेत. दुकानदाराच्या कपाळाला आठ्या पडायच्या, पण मास्तरांनी निवडलेलं लुगडं कुणी कधी परत आणलं नाही, हेही त्याला ठाऊक होतं. माझ्या नवऱ्यानं हौसेनं शिवून घेतलेली चॉकलेटी पँट मास्तरांनी गल्लीच्या तोंडाशी अडवली होती. "पँट चांगली आहे. शर्टही चांगलाय. फक्त दोघांना वेगवेगळ्या दिवशी काढत जा." तो माघारी येऊन शर्ट बदलून गेला. ऑफिसला उशीर झाला, पण मास्तरांचा शब्द कोण मोडणार?

मास्तरांचं स्वतःचं घर म्हणजे शेजार पाळण्याचा नमुना. फिक्या पिवळ्या भिंती, पोपटी दार, अंगणात शेवंती. लोक मुद्दाम वळून बघायचे.

आणि एका दिवाळीला मास्तरांनी ते घर स्वतःच्या हातानं रंगवलं. सकाळी दार उघडून मी बघते तर पिवळ्या भिंतीत गर्द जांभळी चौकट. काळ्याभोर फरशीच्या पायऱ्या आणि प्रत्येकीच्या काठाला जाफरानी पट्टा. पांढऱ्या खांबाला काळे पट्टे. नळाच्या निळ्या ओट्याला जाफरानी कड. पोळपाटावरची भांडणं घरावर येऊन बसली होती.

गल्ली आठवडाभर हसली. "मास्तरांचं चाक निसटलं," असं म्हणायला लागली. बोरसे वकील आमच्या गल्लीतलं मोठं प्रस्थ. ते चार लोकांदेखत म्हणाले, "मास्तर, सर्कस कधी सुरू होणार?"

लग्न थांबवणारे मास्तर. मला वाटलं, आता वकिलांची काही धडगत नाही. पण ते नुसतं एवढंच म्हणाले, "यंदा मुकाबला करायचं ठरवलं, वकीलसाहेब."

त्यानंतर लुगड्याच्या खरेदीला त्यांना कुणी बोलावलं नाही. माझा नवराही चॉकलेटी पँटवर तोच शर्ट घालून बेधडक त्यांच्यासमोरून जायला लागला. मास्तर नुसते बघायचे. संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसायचे, तीही घराकडं पाठ करून.

संक्रांतीच्या सुमारास मी तिळाच्या वड्या घेऊन काकूंकडं गेले. मास्तर शाळेत होते. काकूंनी चहा टाकला. त्यांच्या स्वयंपाकाच्या ओट्याला काळा रंग दिलेला, त्यावर पांढरे कप मांडलेले. वड्यांच्या ताटलीला जागा करावी म्हणून मी एक कप उचलून शेजारच्या पांढऱ्या फळीवर ठेवला आणि "हा इकडं ठेवते, काकू" म्हणाले. काकूंनी पातेलं उचललं, पहिला कप नीट भरला, आणि दुसऱ्या कपाचा चहा सरळ फळीवर ओतला. कपापासून वीतभर अंतरावर.

मी फडकं घेतलं. काकू पातेलं धरून तशाच उभ्या.

"कप पांढऱ्यावर ठेवला का गं तू?"

"हो काकू. का?"

"पांढऱ्यावर पांढरं मला दिसत नाय." मग खाली बसल्या. "काचबिंदू झालाय. डॉक्टर म्हणाले, गेली तेवढी नजर परत यायची नाय. राहिलेली पण हळूहळू जाईल. पायरी कुठं संपते तेच कळंना, दोनदा पडले. मग ह्यांनी डोकं चालवलं. म्हणाले, समोरासमोरचे रंग ठेवले, एक उजळ अन् एक गडद, तर तुला कड दिसंल. अन् दिसती की. भात निळ्या ताटलीत वाढतात, वरण जांभळ्या वाटीत. सगळं घर फिरते मी, कुणाचा हात धरत नाय."

"पण गल्लीला का नाही सांगितलं? लोक काय काय बोलू राहिले त्यांना."

"मीच नको म्हणले. लोक कीव करतात, अन् कीव करता करता हातातलं काम काढून घेतात." काकू थोडं हसल्या. "त्यांना ते रंग सोसत नाय गं. चौकट रंगवली त्या दिवशी जेवले नाय. म्हणून तर बाहेर पाठ करून बसतात."

मी कुणाला काही सांगितलं नाही. नवऱ्याला मात्र चॉकलेटी पँट ट्रंकेत टाकायला लावली.

दोन-तीन वर्षांनी काकूंची नजर पार गेली, तेव्हा गल्लीला आपोआप कळलं. बोरसे वकील संध्याकाळी मास्तरांकडं आले. पायऱ्यांच्या जाफरानी पट्ट्यांकडं बघत अंगणातच उभे राहिले. मास्तरांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "वकीलसाहेब, ह्या कोटावर हा मफलर चालत नाही." वकिलांनी मफलर काढला, घडी करून खिशात घातला आणि शेजारी बसले.

पुढं अंगणात दोन खुर्च्या दिसायला लागल्या. दिवेलागणीच्या आधी मास्तर आणि काकू तिथं बसायचे. रस्त्यानं बायका गुलमंडीकडं जायच्या, पोरी क्लासहून परतायच्या, आणि मास्तर हलक्या आवाजात काकूंना सांगत राहायचे. मी माझ्या दारात तांदूळ निवडताना ऐकायचे.

"वकिलांची सून चालली. कासनी साडी नेसलीय."

"कासनी म्हणजे कसा, ते मी विसरले आता."

मास्तर खुर्ची काकूंकडं वळवायचे. घाई करायचे नाहीत. "तुझ्या माहेरी, विहिरीच्या पलीकडं जवस पेरायचे ना तुझे वडील? मी पहिल्यांदा आलो तेव्हा तो फिका निळा फुलला होता. सकाळची वेळ होती. तू घागर घेऊन बांधावर उभी होतीस. त्या फुलांत थोडं गुलाबी मिसळ."

काकू मान जराशी वर करून बसायच्या, वारा लागावा तशा.

"दिसला," म्हणायच्या.