गिअरबॉक्सचं ऑइल बदलू की नको?

“घाईत निर्णय घेणारी माणसं आणि सिग्नल तोडणारे रिक्षावाले, दोघंही शेवटी एकाच हॉस्पिटलात भेटतात!” असं नंदकिशोर धुरी ऑफिसात ज्याला त्याला ऐकवायचा. स्वतः तो तिथे कधीच पोचणार नव्हता, कारण त्याने जन्मात घाईने काही ठरवलंच नव्हतं. घरात मिक्सर घ्यायचा होता तेव्हा त्याने इतका अभ्यास केला, की तोवर त्याच्या बायकोचे, रुचिराचे, पाट्यावर चटण्या वाटून पैलवानासारखे दंड झाले!

अशा माणसाच्या नशिबी ऑटोमॅटिक गाडी आली. जोगेश्वरीच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून दाबून रुचिराचा गुडघा बोलायला लागला, म्हणून घेतलेली सेकंडहँड गाडी. गुणी होती बिचारी. पण एके दिवशी सिग्नलवरून निघताना तिने असा हिसका दिला, जणू मागून कुणी टपली मारली! झालं, नंदकिशोरच्या डोक्यात किडा शिरला. गिअरबॉक्सचं ऑइल बदलायला झालं की काय?

गाडीबरोबरच्या पुस्तकात लिहिलं होतं, आजन्म चालेल. कुणाच्या जन्मापुरतं? गाडीच्या की मालकाच्या? सर्व्हिस सेंटरचा टायवाला म्हणाला, “सर, अजिबात हात लावू नका.” ऑफिसातला मिहिर म्हणाला, “यार, आजच बदल, नाहीतर वाट लागली समज.” मोबाइलवर एक गृहस्थ ‘बदलाच’ म्हणून ओरडत होते, त्यांच्या खालीच दुसरे ‘चुकूनही बदलू नका’ म्हणून ओरडत होते, आणि दोघांच्याही मागे त्यांच्या गाड्या मस्त सुरू होत्या! नंदकिशोरची झोप उडाली. जेवताना आमटीवरचा तेलाचा तवंग दिसला तरी त्याचा घास अडायचा.

शेवटी त्याने गल्लीतल्या चंद्रप्रकाश मेकॅनिकला गाडी दाखवली. चंद्रप्रकाशने संध्याकाळी फोन केला. नंदकिशोर गॅलरीत उभा राहून बोलायला लागला, आणि पुढच्या सगळ्या सत्यानाशाची सुरुवात तिथे झाली.

कारण गॅलरीच्या आतल्या बाजूला खुर्चीत त्याचे वडील बसले होते. गुणाजी धुरी. हयात परळच्या गिरणीत गेलेली, बोलणं अजून गावचं, मालवणी. त्याच आठवड्यात नंदकिशोरने त्यांची रक्ततपासणी करून आणली होती. रिपोर्ट आलाही होता, अगदी स्वच्छ! पण डोक्यात ऑइल भरल्यामुळे नंदकिशोर तो त्यांना सांगायचाच विसरला होता.

गुणाजींनी ऐकलं ते असं:

“काय? काळं पडलंय? अरे, ते लालभडक असायला हवं ना! ... हो, जुनं झालंय, मान्य आहे. ... म्हणजे बदललं तर लगेच जाईल? ... आणि नाही बदललं तर? ... तरी जाईलच? मग मी करू काय, सांग ना!”

गुणाजींनी स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. निळ्या शिरा फुगलेल्या. आतलं काळं पडलंय म्हणे! आपण आता जाणार, एवढं त्यांना कळलं. पण गिरणीतला माणूस! विचारायचं, रडायचं, ते त्यांच्यात नव्हतं.

नंदकिशोर आत आला आणि त्यांच्या शेजारी धपकन बसला. रडवेला चेहरा! कुणाशी तरी बोलायला हवंच होतं.

“बाबा, ऐकलंत ना तुम्ही सगळं?”

“ऐकलंय.”

“मग काय करू? बदलू की नको?”

“तो काय म्हणता?”

“तो म्हणतो, इतकी वर्षं आत जो गाळ साचलाय ना, त्यानेच सगळं धरून ठेवलंय. तो काढला की सगळं सुटणार!”

गुणाजींनी मान हलवली. “गाळ खयचो! गिरणीतलो कापूस तो. इतकी वर्सां भितुर बसलो हा.”

वय झालं, काहीतरीच बोलतात, असं नंदकिशोरला वाटलं. तो म्हणाला, “दुसरा एक जण म्हणाला, अर्धंच काढा, अर्धं राहू द्या.”

“अर्धा काढून काय होतला? हात लावू नको. चलता तोवर चलू दी.”

“आणि भर रस्त्यात बंद पडलं तर?”

“पडला तर पडला. चार जण येतले, उचलून नेतले.”

“चार जणांना नाही उचलत, बाबा! क्रेन लागते!”

गुणाजींनी आपल्या काटकुळ्या दंडाकडे पाहिलं. मग म्हणाले, “मुंबैत हल्ली काय करतीत, सांगूक येत नाय.”

दुसऱ्या दिवशी मुलुंडहून नंदकिशोरची बहीण प्रेमा आली. डोळे सुजलेले, हातात लाडवांचा डबा. गुणाजींनी तिला फोनवर सगळं सांगितलं होतं आणि शपथ घातली होती, की दादाकडे हा विषय काढायचा नाही, तो आधीच खचलाय. पण प्रेमाला कुठे राहवतंय! स्वयंपाकघरात तिने दादाला गाठलंच.

“दादा, ठरवलंस काही?”

“कसलं?”

“बदलायचं की नाही ते.”

“काय ठरवू गं! एक म्हणतो बदल, एक म्हणतो नको. माझं डोकं चालायचं बंद झालंय!”

“बाबा नको म्हणालेत ना? मग त्यांच्या मनासारखं होऊ दे. शेवटी त्यांचाच अधिकार आहे.” आणि तिने पदराने नाक पुसलं.

नंदकिशोरला भरून आलं! एका गिअरबॉक्ससाठी बहीण मुलुंडहून रडत येते! रुचिराने तर त्या हिसक्याबद्दल ‘बरं’ एवढंच म्हटलं होतं.

तेवढ्यात बाहेरून गुणाजींची हाक आली. “नंदू, माका एकदा खारदांड्याक ने. अंबादासाक भेटतंय.”

अंबादास कोळी म्हणजे त्यांचा गिरणीतला जोडीदार. एकाच खात्यात दोघांनी उमेदीची वर्षं घालवली होती. नंदकिशोर म्हणणार होता, की गाडी नाजूक आहे, रिक्षाने जाऊ. पण प्रेमाने त्याचा दंड असा गच्च धरला, की तो म्हणाला, “नेतो, बाबा.” रविवार होता. रुचिरा बँकेतल्या मैत्रिणींबरोबर बाहेर गेली होती. घरातलं एकमेव शांत डोकं असं बाहेर होतं!

गाडी हिसके देत खारपर्यंत गेली. मागे प्रेमा हुंदके देत होती. एक हिसका, एक हुंदका! पुढे गुणाजी काचेबाहेरून मागे जाणाऱ्या ओळखीच्या दुकानांना मान हलवून निरोप देत होते. नंदकिशोर घामाने निथळत होता. खारदांड्याच्या अरुंद गल्लीत एका बाजूला सुकत घातलेले बोंबील, दुसऱ्या बाजूला म्हावऱ्याच्या पाट्या, आणि बरोब्बर मधोमध गाडी थांबली. इंजिन सुरू. नंदकिशोरने अ‍ॅक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडलं, गाडी जागची हलेना. गिअर काढला, घातला, पुन्हा दाबला. काही नाही! शेवटी त्याने रिव्हर्स टाकून पाहिला, तर गाडी आज्ञाधारक मुलासारखी मागे निघाली!

“आरं, गारी पुढं घे ना!” एक कोळीण ओरडली. “म्हावऱ्यावर घालतंस का?”

“पुढे जात नाही ना, ताई!”

“मंग आनलीस कशाला?”

मान वळवून, रडकुंडीला येऊन, नंदकिशोरने अख्खी गल्ली उलटी पार केली. माणसं पाट्या उचलून भिंतीला चिकटत होती आणि गुणाजी त्यांना काचेतून नमस्कार करत होते. तोंडाशी मोकळी जागा आली तशी गाडी थांबली, आणि नंदकिशोरने कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. हॉर्न वाजायला लागला.

“गेला! संपला! माझ्या हाताने मेला! वेळेवर बदललं असतं तर वाचला असता!”

“दादा!” प्रेमा किंचाळली. “त्यांच्यासमोर काय बोलतोस!” आणि तिने भोकाडच पसरलं.

“रडा नको गो,” गुणाजी शांतपणे म्हणाले. “मी अजून हंयच बसलंय.”

नंदकिशोरने मान वर केली. “तुमचा काय संबंध? गिअरबॉक्स मेला, बाबा! गाडीचा गिअरबॉक्स!”

प्रेमाचं रडणं मध्येच थांबलं.

“आणि माझा काळा पडलेला रगत?” गुणाजींनी विचारलं.

“तुमचं कशाला काळं पडेल? ऑइल काळं पडलंय! तुमचा रिपोर्ट नॉर्मल आहे. परवाच आला.”

आता बाबा मिठी मारतील असं प्रेमाला वाटलं. पण गुणाजींचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

“परवा? आणि ह्या माका आता सांगतंस? अरे मेल्या, मी काल सहदेवाक फोन करून माफ केलंय!”

सहदेव म्हणजे त्यांचा गावचा चुलतभाऊ. बांधावरच्या रतांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, झाडावरून दोघांचं बोलणं बंद होतं ते नंदकिशोरच्या लग्नाच्याही आधीपासून.

“झाड तुझा म्हणान सांगितलंय त्याका! मरताना कित्याक भांडण, म्हणान! आता काय करू मी? जित्या माणसान दिलेला झाड परत घेवचा कसा?”

नंदकिशोरने पुन्हा कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. पुन्हा हॉर्न वाजला.

गाडी क्रेनने जोगेश्वरीला आली. चंद्रप्रकाशने खाली वाकून पाहिलं आणि मान हलवली. गिअरबॉक्स पार गेला होता.

“एकच सांग,” नंदकिशोर हात जोडून म्हणाला. “तेव्हाच बदललं असतं तर वाचला असता का?”

चंद्रप्रकाशने हात पुसले. “वाचला असता. किंवा तेव्हाच गेला असता. सांगता येत नाही, साहेब.”

म्हणजे स्वतःला दोष देऊन मोकळं व्हायचीही सोय नाही! नंदकिशोर तसाच जिने चढून वर आला, तर दारात चपलांचा ढीग. सहदेवकाका गावाहून रातोरात आले होते. बरोबर तांदळाचं पोतं, कोकमाच्या आगळाच्या बाटल्या आणि त्यांची दोन नातवंडं. ते गुणाजींच्या खाटेवर बसून त्यांचा हात कुरवाळत होते. रुचिरा स्वयंपाकघरातून नवऱ्याकडे नुसती बघत होती.

नंदकिशोरने घाईघाईने रिपोर्ट काढून दाखवला. “काका, हे बघा, सगळं नॉर्मल आहे! बाबांना काहीही झालेलं नाही!”

सहदेवकाकांनी रिपोर्टाकडे पाहिलं, मग नंदकिशोरकडे, आणि त्याला हळूच डोळा मारला. पेशंटसमोर असंच बोलायचं असतं, हे त्यांना ठाऊक होतं.

“गुणाजी,” ते गहिवरून म्हणाले, “तू बरो होयपर्यंत मी हंयसून हलूचंय नाय!”

गुणाजींनी घाबरून नंदकिशोरकडे पाहिलं. नंदकिशोरने रुचिराकडे पाहिलं. ठणठणीत माणूस आणखी बरा होणार तरी कसा?