कृपया मागे पाहा

अनुस्वाररावांनी त्या दिवशी एवढंच ठरवलं, की हे पान आणखी एकदा वाचायचं. पाचव्यांदा.

अनुस्वारराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका छापखान्यात मुद्रितशोधक होते, म्हणजे लोकांनी लिहायचं आणि यांनी त्यातल्या चुका काढायच्या. बरं, ही खोड छापखान्यात ठेवून घरी यावं की नाही? शेजारणीच्या दारावरची ‘कुत्र्या पासून सावध’ या पाटीतले सुटे शब्द त्यांनी पेन्सिलीनं जोडून दिले, तेव्हापासून अख्खी इमारत त्यांना अनुस्वारराव म्हणू लागली. (त्या पाटीत अनुस्वाराची चूक नव्हतीच; पण टोपणनावाची प्रुफं कोण तपासतो?)

या माणसाला स्वतःचं म्हणावं असं जगात एकच होतं, ते म्हणजे इमारतीच्या सोसायटीचं चिटणीसपद. छापखान्यात लोकांची वाक्यं, घरी आईची आणि बायकोची. स्वतःचं वाक्य आणि खाली स्वतःची सही, हे भाग्य फक्त सोसायटीच्या परिपत्रकात. नऊ वर्षं त्यांच्याविरुद्ध कोणी उभं राहिलं नव्हतं. यंदा मात्र तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर उभे राहिले. हसतमुख माणूस, त्यातून अर्ध्या इमारतीला त्यांच्यापुढे ‘आ’ करायची सवय! अनुस्वाररावांचं धाबं दणाणलं. रविवारच्या सभेआधी घरोघर वाटायला त्यांनी नियमांचं पाठपोट परिपत्रक लिहिलं आणि मालकांच्या परवानगीनं छापायला घातलं. कागद गुलाबी, दुसऱ्या एका कामातून उरलेला.

ते दुसरं काम होतं मोकळीक पक्षाचं. पक्षाच्या उमेदवार होत्या एक निवृत्त ग्रंथपालबाई. केस पांढरे, आवाज अजून वाचनालयातलाच.

“सभासद किती आपले?” मालकांनी विचारलं.

“अकरा. त्यातला एक सध्या आजारी आहे.”

“आणि मागणी काय?”

“लैंगिक स्वातंत्र्य आणि नागरी हक्क,” बाई म्हणाल्या, ‘दुसरं कपाट, खालचा कप्पा’ म्हणावं तशा.

मशीनवाल्यानं मशीन बंद केलं. त्याला नीट ऐकू यायला हवं होतं.

“म्हणजे... नेमकं काय करायचं म्हणता?” मालकांनी खुर्ची पुढे ओढली.

“तुम्ही काहीच करायचं नाही. दोन सज्ञान माणसं राजी असतील, तर तिसऱ्यानं नाक खुपसायचं नाही. मग तो पोलीस असो, शेजारी असो, नाहीतर सरकार. कोण कुठलं पुस्तक घरी नेतं, हे चाळीस वर्षांत मी कोणाला सांगितलं नाही. तेच कायद्यात यावं, एवढंच म्हणणं आहे.”

तर बाईंच्या पत्रकाचं ते मागचं पान. पहिल्यांदा अनुस्वाररावांनी ते अनुस्वारांसाठी वाचलं, दुसऱ्यांदा ऱ्हस्व-दीर्घासाठी, तिसऱ्यांदा विरामचिन्हांसाठी. चौथ्यांदा वाचायला कारण उरलं नव्हतं, तरी वाचलं. आणि पाचव्यांदा वाचत असताना मागून मालक आले.

“अजून तेच पान?”

“नाही... म्हणजे... एक स्वल्पविराम जरा संशयास्पद वाटला,” असं म्हणत अनुस्वाररावांनी कानाच्या पाळीपर्यंत लाल होऊन ते पान हाताला लागेल त्या फायलीत कोंबलं. ती फाईल निघाली सोसायटीची. तिथलं परिपत्रकाचं मागचं पान गडबडीत बाईंच्या फायलीत गेलं. मशीनवाल्यानं ज्या फायलीत जे होतं ते इमानेइतबारे छापलं.

शुक्रवारी सकाळी चिटणीसांनी छत्तीस प्रतींवर, मागच्या पानाच्या तळाशी, नेहमीच्या जागी सहीचा शिक्का मारला आणि त्या दारोदार सरकवल्या. वाचून पाहिलं नाही. (स्वतःच्या लिखाणात चुका नसतातच, ही मुद्रितशोधकाची एकमेव श्रद्धा.)

संध्याकाळी घरी येताना जिन्यात दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा-आजी चक्क हातात हात घालून उतरत होते.

“चिटणीस, फार बरं केलंत हो,” आजोबा म्हणाले. आजी लाजल्या.

पाण्याच्या वेळा आवडल्या असाव्यात, असं समजून हे खुशीत घरात शिरले. आई आणि बायको एकाच चष्म्यातून आळीपाळीनं गुलाबी कागद वाचत होत्या.

“अरे, तुला हे सुचलं कसं?” आईनं विचारलं. त्या स्वरात रागापेक्षा नवल जास्त होतं.

बायकोनं वाचून दाखवलं. “‘सभासदांच्या परस्परसंबंधांबाबत सूचनांसाठी कृपया मागे पाहा.’ आणि मागे, ‘सज्ञान व्यक्तींनी बंद दाराआड, परस्परसंमतीने, कोणावर आणि कसे प्रेम करावे, हा सर्वस्वी त्यांचा प्रश्न आहे. त्यात डोकावण्याचा अधिकार कोणालाही नाही.’ खाली तुमचा शिक्का.”

अनुस्वाररावांनी कागद ओढून घेतला. आता चिटणीसपद गेलंच! आणि मग दुसरा, त्याहून भयंकर विचार आला. आपलं पान बाईंच्या पत्रकामागे!

शनिवारी सकाळीच त्यांनी ग्रंथपालबाईंचं घर गाठलं. दोन हजार पत्रकं वाटून झाली होती. पुढे नागरी हक्क आणि तळाशी ‘मोकळीक पक्ष निवडून आल्यास...’; मागे, गॅलरीत ओले कपडे पिळू नयेत, येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांची वहीत नोंद करावी आणि रात्री दहानंतर पलंग सरकवू नयेत.

“बाई, मी... माझं चुकलं हो,” अनुस्वारराव म्हणाले.

“कालपासून सतरा माणसं पक्षात आली,” बाई म्हणाल्या. “गॅलरीबद्दल बोलणारा हा पहिलाच पक्ष म्हणे. आमचं पुढचं पान मात्र कोणी वाचलेलं नाही.” मग त्यांनी हळूच विचारलं, “तुमच्याकडे मागचं पान वाचलं का हो कोणी?”

“सगळ्यांनी!”

“खरंच? काय म्हणाले?” बाई खुर्चीच्या कडेला सरकल्या. अनुस्वाररावांनी आजोबा-आजींचं सांगितलं. बाईंनी ते दोनदा सांगायला लावलं.

रविवारी सभेला गर्दी ही! नऊ वर्षांत पहिल्यांदा खुर्च्या कमी पडल्या. खरं सांगून टाकावं आणि पद सोडावं, असं ठरवून अनुस्वारराव उभे राहणार, तोच दातांचे डॉक्टर उठले.

“मी का उभा राहिलो, ते सांगतो. माझ्याबरोबर सहा वर्षं एक जण राहतो. चिटणीसांच्या वहीत रोज संध्याकाळी त्याचं नाव ‘पाहुणा’ म्हणून लिहावं लागतं. सहा वर्षं! ती वही बंद करायची म्हणून मी उभा होतो. पण परवा ते मागचं पान वाचलं आणि...” डॉक्टरांनी मागच्या रांगेकडे पाहिलं. “आता माझी गरज नाही. मी माघार घेतो.”

मागच्या रांगेत एक उंच माणूस खाली मान घालून बसला होता. अनुस्वाररावांनी त्याचं नाव हजारदा वाचलं होतं, तोंड आज नीट पाहिलं. खरं सांगायचं राहिलं ते राहिलंच. त्यांनी वही मागवली, लाल पेन काढलं, ‘पाहुणा’ या शब्दावर काट मारली आणि समासात लिहिलं, ‘रहिवासी’. निवड बिनविरोध झाली आणि सभा टाळ्यांच्या गजरात संपली.

घरी येताना चिटणीस अंमळ ताठच चालत होते. बायकोनं दार लावलं आणि शांतपणे म्हणाली, “ते पान तुम्ही लिहिलेलं नव्हतं.”

अनुस्वारराव गर्रकन वळले. “तुला कधी कळलं?”

“वाचलं तेव्हाच. आईंनाही कळलं.”

“पण कशावरून? विरामचिन्हांवरून ना? वाटलंच मला! त्या बाईंचा तो स्वल्पविराम मी पहिल्याच वाचनात धरला होता, पण मालक नेमके मागे येऊन...”

पुढे सात मिनिटं स्वल्पविरामच चालला. आईची तोवर भाजी निवडून झाली.

“शेवटच्या ओळीवरून,” श्वास घ्यायला ते थांबले तेव्हा बायको म्हणाली. “तिथं लिहिलं होतं, बायकोला काही विचारलं, तर उत्तर ऐकून घ्यावं.”