कव्हरावर कव्हर

कचरा डेपोच्या सुपरवायझरच्या घरात एक सोफा होता, पण तो कोणत्या रंगाचा आहे हे खुद्द सुपरवायझरला आठवत नव्हतं. तेवीस वर्षांपूर्वी सोफा घरात यायच्या आधीच बायकोने त्याचं कव्हर शिवून ठेवलं होतं. कव्हर मळू नये म्हणून त्यावर चादर आली, चादर मळू नये म्हणून टॉवेल. रिमोटला पिशवी होती आणि पिशवीला डबा. या सगळ्याची सुपरवायझर पोटभर टिंगल करायचा.

सध्या मात्र त्याला टिंगल सुचत नव्हती. डेपोवर कचऱ्याच्या डोंगराशेजारी एक खांब होता आणि खांबावर लाल पट्टा. डोंगर पट्ट्याला टेकला की डेपो बंद आणि सुपरवायझरची बदली पलीकडच्या डेपोवर, घरापासून सहा तास लांब. रिटायर व्हायला दोन वर्षं उरली होती. बायकोने सांगूनच टाकलं होतं, "तुम्ही खुशाल जा. मी हे घर सोडून कुठे यायची नाही." आणि बायकोशिवाय सुपरवायझरला स्वतःचा चष्मासुद्धा सापडत नसे.

खरं तर डोंगर कचऱ्यापेक्षा मातीनेच भराभर वाढत होता. उघडा कचरा दिसता कामा नये, म्हणून रोज संध्याकाळी त्यावर वीतभर माती पसरायची, असा नियम. सुपरवायझरने डोकं लढवलं. लोकांनी टाकून दिलेले जुने गालिचे जोडून मातीऐवजी तेच अंथरायचे. जाडी बोटभर, म्हणजे केवढी तरी उंची वाचली. टाकाऊ वस्तूंचं आच्छादन चालेल, असं वरून शिक्क्यानिशी लिहूनही आलं.

मग इन्स्पेक्टर आला. फॉर्मवर जे असेल तेवढंच या माणसाला जगात दिसायचं.

"हे काय आहे?"

"कव्हर, साहेब. जुने गालिचे."

"आले कुठून?"

"कचऱ्यातून. परवानगी आहे."

"असू दे की. पण इथे प्रश्न आहे, कचरा दिसतो का? मला दिसतोय."

"साहेब, ते कव्हर आहे."

"मग त्याच्यावर कव्हर घाला. टाकाऊच वापरा, त्याला उत्तेजन द्यायचंय."

दुसऱ्या दिवशी गालिच्यांवर फुटक्या बाटल्यांचा चुरा पडला. इन्स्पेक्टर वाकला. "बाटल्या लोकांनी टाकलेल्याच ना? मग कचरा दिसतोय." चुऱ्यावर टायरचे तुकडे आले, तुकड्यांवर मोडक्या कपाटांचा भुसा आला. शेवटी सुपरवायझर वैतागला. "साहेब, मी आपली पूर्वीसारखी मातीच टाकतो."

"माती कुठून आणता?"

सुपरवायझरने खरं ते सांगून टाकलं. माती इमारतींचे पाये खणताना निघायची, बिल्डर ती टाकून द्यायचे. इतक्या वर्षांत हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"म्हणजे तोही कचरा," म्हणत इन्स्पेक्टरने फॉर्मवर खूण केली.

महिनाभरात सगळी माणसं नुसती झाकण्यात गुंतली. कचरागाड्या फाटकाशी ताटकळायच्या. कुणी ड्रायव्हरने गाडी आत घेऊ का विचारलं, की बुलडोझरवाला त्याच्या अंगावर खेकसायचा, "कचरा कसला आणतोस? इथे काम चाललंय, दिसत नाही?" गाड्या आल्या पावली परत जायच्या. डेपोत कचरा यायचा बंद झाला आणि डोंगर मात्र वाढतच राहिला. लाल पट्टा आता हातभर उरला होता.

त्या संध्याकाळी सुपरवायझर घरी येऊन सोफ्यावर धप्पकन बसला. आता रडायचंच काय ते बाकी होतं.

"अहो, टॉवेल सरकला," बायको म्हणाली.

"अगं, तिकडे माझा डेपो बंद पडतोय आणि तुला टॉवेलचं पडलंय?" त्याने सगळी हकिकत सांगितली. "आता तूच सांग, हा टॉवेल मळला तर त्याच्यावर काय घालतेस?"

"काही नाही. काढते आणि धुते."

"काढतेस?"

"मग? एकावर एक घालतच बसले असते तर एव्हाना छताला टेकलो असतो आपण."

"आणि कुणी म्हणालं, हा टॉवेलच कचरा आहे, तर?"

"कोण म्हणेल? कचरा कधी कुणी धुतं का?"

तेवीस वर्षं आपण हिची टिंगल केली, याची सुपरवायझरला मनापासून लाज वाटली.

दोन दिवसांत बुलडोझरवाल्याने चुरा, टायर आणि भुसा खरवडून डेपोतल्या रस्त्यावर पसरला. मग त्याला बुलडोझरवरून उतरवून हातात कपड्यांचे चिमटे दिले. संध्याकाळी गालिचे अंथरायचे, सकाळी काढायचे, धुवायचे, दोरीवर टाकायचे. इन्स्पेक्टर संध्याकाळी आला तेव्हा डोंगर झाकून झाला होता आणि उरलेले चाळीस गालिचे पायथ्याशी ओळीने वाळत होते.

"हे काय?"

"कव्हर वाळत घातलंय, साहेब."

"कचऱ्यातलंच ना?"

"धुतलंय, साहेब. साबण लावून. कचरा कधी कुणी धुतं का?"

इन्स्पेक्टरने फॉर्म पुढून पाहिला, मागून पाहिला. धुतलेल्या कचऱ्याचा रकाना कुठेच नव्हता. त्याने एका गालिच्याचा वास घेतला, साबण कोणता ते विचारून घेतलं आणि लिहिलं, "कचरा दिसत नाही."

रोजचं कव्हर रोज निघू लागल्यावर डेपो आणखी अकरा वर्षं चालेल असा हिशेब निघाला. सुपरवायझर दोन आठवडे शीळ घालत हिंडला. तिसऱ्या आठवड्यात वरून पत्र आलं. त्याची पद्धत फार उत्तम असून, पलीकडच्या डेपोवर ती शिकवण्यासाठी त्याची तिकडे तातडीने बदली करण्यात येत होती.

बायकोने पत्र दोनदा वाचलं. "धुवायचं कुणी सुचवलं ते यात कुठे लिहिलेलं नाही."

"तू सुचवलंस."

"मग तिथे जाऊन तुम्ही काय शिकवणार, कपाळ? स्वतःचा रुमाल कधी धुतलाय?"

ती उठली आणि सोफ्यावरचा टॉवेल काढला. मग चादर काढली. मग कव्हराच्या गाठी सोडायला लागली.

"हे काय करतेस?"

"सोफा न्यायचा तर एवढ्या प्रवासात कव्हरं मळतील."

ती येतेय हे सुपरवायझरच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. शिरलं तेव्हा त्याला इतका आनंद झाला, की तोही गाठी सोडायला खाली बसला. शेवटची गाठ सुटली. आत दुकानातलं प्लास्टिक तसंच होतं आणि ते इतकं पिवळं पडलं होतं, की सोफ्याचा रंग काही कळेना.

"हेही काढ ना. एकदा बघू तरी."

"आत्ता? वाटेत धूळ बसेल त्याच्यावर."

"मग कधी?"

"तुम्ही रिटायर झालात की," बायको कव्हराची घडी घालत म्हणाली. "दोनच वर्षं तर राहिलीत."