पंचायतीतले बोके

ठरावाच्या वहीवर बोका मुतला आणि तिथून सगळं सुरू झालं. सरपंच जालिंदरभाऊंनी वही उघडली, वास नाकात गेला, आणि त्यांनी उभ्या उभ्या हुकूम सोडला. कार्यालयामागच्या पडक्या टाकीत राहणारी सगळी मांजरं पोत्यात भरायची आणि शुक्रवारच्या टेम्पोने सुप्याच्या एमआयडीसीत सोडून यायची.

हुकूम ऐकला बनुबाईने. पंचायतीत झाडलोट करून तिची वीस वर्षं गेली होती. मागेही एकदा असंच पोतं गेलं होतं. दुसऱ्या दिवशी बाजाराला जाताना त्यातली ठिपक्यांची मांजर तिला हमरस्त्यावर चिरडलेली दिसली. तेव्हा ती गप्प बसली होती. आता बसणार नव्हती.

तिने जनावरांच्या डॉक्टरीणबाई निकिता यांना गाठलं. त्यांनी समजावलं, पोत्याने काही होत नाही, जागा रिकामी झाली की दुसरी मांजरं येतात. नसबंदी करून आहे तिथंच सोडायची, म्हणजे पिल्लं थांबतात आणि बोक्यांचं जागोजागी मुतणंही कमी होतं. गुरुवारी त्या पिंजरे घेऊन येणार, आधी बोके करणार. फक्त आदल्या संध्याकाळपासून बोके उपाशी हवेत.

सरपंच म्हणाले, गुरुवारी काय करायचं ते करा, शुक्रवारी टेम्पो जाणारच.

निम्मा गाव त्या बोक्यांना भाकरी घालत असे. म्हणून बुधवारी सकाळी बनुबाईने पाणी सोडणाऱ्या कानिफनाथाला निरोप दिला. पंचायतीचा भोंगा त्याच्या ताब्यात असे, आणि सांगितलेला शब्द इकडचा तिकडे करणारा तो माणूस नव्हता. त्याने पाण्याच्या वेळा सांगितल्या आणि त्याच सुरात पुढे म्हणाला, "पंचायतीतल्या समद्या बोक्यांची उद्या नसबंदी हाय. आज सांजच्यापासनं त्यांला कुनी जेवाय घालू नये."

सरपंच धरून पंचायतीतल्या चार पुरुष सदस्यांना लोक मागून काय म्हणत, हे त्या चौघांना सोडून सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्या सकाळी चौघांनाही कळलं.

रंगनाथ मेंबर दहाच्या ठोक्याला पंचायतीत हजर झाले. बायकोने त्यांना सांगितलं होतं की संध्याकाळी ताट मागू नका, पंचायतीचा हुकूम आहे. सरपंचांनी कानिफनाथाला बोलावून झाप झाप झापलं आणि लगेच दुरुस्ती करायला लावली. त्याने ती मनापासून केली. "सकाळच्या सूचनेत दुरुस्ती. नसबंदी मेंबरांची न्हाई, बोक्यांची हाय. मेंबरांना जेवाय घालाया हरकत न्हाई."

सकाळी जे रानात गेले होते, त्यांनाही आता कळलं.

"टेम्पो आत्ता काढा," सरपंच गरजले. "एक मांजर नको हितं."

बनुबाई रिकाम्या पोत्यांच्या गठ्ठ्यावर जाऊन बसली. "न्या की भाऊ. पन उद्या डॉक्टरीनबाई पिंजरं घिऊन दारात येनार. गाव बघाय जमनार. मांजरं न्हाईत म्हनल्यावर त्या कुनासाठी आल्या म्हनून सांगायचं?"

मग रंगनाथांनी हळूच विचारलं, "मावशी, बोकं किती हायती?"

"तीन."

"आन् आपन चार," सरपंच म्हणाले, आणि मटकन खुर्चीत बसले.

गुरुवारी गाव लोटला. बनुबाईने सुकटीचा वास दाखवून तिन्ही बोके पिंजऱ्यात घेतले. पिंजरे मात्र मेंबरांनी स्वतः उचलले आणि कोणी न विचारता सगळ्यांना दाखवत फिरवले. कुठल्याच योजनेसाठी ते इतके राबले नव्हते. चौथ्यासाठी रंगनाथ रेशन दुकानामागच्या अरुंद बोळात शिरले. आत मोठी झटापट झाली. शेवटी एक धूड छातीशी कवटाळून, रक्ताळलेले रंगनाथ बाहेर आले.

डॉक्टरीणबाईंनी बघितलं. "ही मांजरी आहे."

"असू द्या," बनुबाई म्हणाली. "आज ना उद्या तिचीबी करायचीच हाय."

रंगनाथ उपकेंद्रात सुई टोचून घ्यायला गेले. इकडे ऑपरेशनं झाली. राहिलेल्या माद्यांसाठी पुढच्या गुरुवारी येते असं सांगून डॉक्टरीणबाईंनी गावाला खूण समजावली. प्रत्येकाच्या डाव्या कानाचं टोक कापलंय. कान तसा दिसला की ओळखायचं, याचं झालंय, याला पुन्हा धरायचं नाही.

लोकांनी हे फार लक्ष देऊन ऐकलं.

सरपंचांनी बनुबाईला बाजूला घेतलं. "मावशी, टेम्पो रद्द. ही कानकापी रोज पंचायतीच्या पायरीवर लोकांच्या नजरंला पडली पायजेत. एक जरी कुठं गेलं तर मला सांगा. दूध माझ्या घरनं येईल."

"आन् बाकीची?"

"तीबी ऱ्हाऊ द्या. जेवढी दिसतील तेवढी बरी."

बनुबाईने पोती उचलली आणि टाकीत मांजरांच्या अंगाखाली अंथरली.

तेवढ्यात उपकेंद्रातून रंगनाथ मेंबर आले. मांजरीने त्यांना कडकडून चावलं होतं, आणि डाव्या कानावर ही एवढी पांढरी पट्टी होती. गर्दी आपोआप दुभंगली आणि त्यांना वाट मिळाली. हसलं कोणी नाही. फक्त एक म्हातारा पुढे झाला, आणि त्याने अगदी मायेने विचारलं,

"मेंबर, लई दुखलं का वो?"