परमेश्वरनं मानलेले आभार

पोर्टफोलिओच्या अगदी तळाशी, कोपऱ्यात, आईचा एक बारकासा फोटो टाकायचा आणि त्याखाली 'आभार' एवढंच लिहायचं, असं परमेश्वरनं ठरवलं होतं. यात कुणाचं वाईट होईल असं कुणालाच वाटलं नसतं. पण त्या एका फोटोपायी उमापूरहून जीप भरून माणसं रडत आली, मुस्तकीमभाईंच्या दुकानाचं शटर शेजाऱ्यांनी परस्पर अर्धं खाली ओढलं, आणि सटवामामा स्वतःच्या मयताची चौकशी करायला स्वतःच्या पायांनी चालत आला.

परमेश्वर शिरूर कासारचा. नववीत त्याची शाळा सुटली. (त्यानं शाळा सोडली की शाळेनं त्याला, यावर घरात अजून एकमत नाही.) मग तो मुस्तकीमभाईंच्या फ्लेक्सच्या दुकानात झाडू मारायला लागला. झाडू मारता मारता कॉम्प्युटरच्या मागच्या वायरी पुसू लागला, आणि एक दिवस समोर बसून वाढदिवसाचे बॅनर करू लागला. स्वभावानं इतका बुजरा, की गिऱ्हाइकानं नाव विचारलं तरी आधी मुस्तकीमभाईंच्या तोंडाकडे बघायचा. पण त्याच्या हातात कसब होतं. दोन वर्षांपासून तो मोबाईलवरचे व्हिडिओ बघून वेबसाईट करायला शिकला होता. बटण दाबलं की फिरणारं, बोट लावलं की उमलणारं, असलं काही पडद्यावर झालं की तो एकटाच हसायचा.

मुस्तकीमभाईंची मुलगी समिना पुण्याला शिकायला होती. तिनं एका कंपनीचा पत्ता दिला आणि फोनवर बजावलं, "परमेश्वरभाऊ, हे लोक सर्टिफिकेट मागत नाहीत. केलेलं काम दाखवा म्हणतात. फुकटच्या ब्लॉगवर तुमचा पोर्टफोलिओ करा. सोमवारी अकरा वाजता मॅडम बघणार आहेत, तिथंच व्हिडिओ कॉल करणार."

घरी बसून काम मिळणार होतं. आणि ते मिळणं फार गरजेचं होतं, कारण दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या गाड्या निघणार होत्या. परमेश्वरचे वडील गेल्यापासून त्याची आई छबुबाई आपल्या भावाच्या, म्हणजे सटवामामाच्या जोडीनं तोडीला जायची. मागच्या साली मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढताना ती पडली आणि तिचा गुडघा तेव्हापासून कुरकुरत होता.

"यंदा तू जायचं न्हाई," परमेश्वर म्हणाला.

"तुझं काम लागलं तर न्हाई जानार," छबुबाई म्हणाली. "न्हाई लागलं तर आसाराम मुकादमाच्या यादीत माझं नाव हायेच."

तर असा तो पोर्टफोलिओ होता. परमेश्वरनं आपली निवडक कामं त्यात नीट मांडली आणि तळाला आईचा फोटो टाकला. बायकोनं, वैष्णवीनं, पाठीमागून वाकून बघितलं.

"आईंचा टाकला, लई चांगलं केलं. पन ज्यांनी कॉम्प्युटरला हात लावू दिला, त्या मुस्तकीमभाईंचा कुठंय?"

बरोबर होतं. त्यांचा टाकला.

"आन् आमच्या आन्नांनी दिलेल्या लॅपटॉपवर बसून हे करायलात ना? मग आन्ना?"

सासऱ्यांचा टाकला. मग सटवामामाचा टाकला. मग फॉर्म भरून देणारे मास्तर, लाइट गेली की चार्जिंग करू देणारे शेजारी, पहिला बॅनर न भांडता घेणारा हॉटेलवाला. फ्लेक्सच्या धंद्यातल्या माणसाला पक्कं ठाऊक असतं, की शंभर फोटो टाकून एक राहिला तर शंभर जण विसरतात आणि तो एक जण पाच वर्षं रामराम घेत नाही. त्यामुळे शनिवारपर्यंत माणसं तेवीस झाली. बाराव्या माणसालाच पान इतकं लांब झालं होतं, की परमेश्वरनं आपली कामं उचलून तात्पुरती दुसऱ्या पानावर ठेवली.

मग प्रश्न आला क्रमाचा. शेजारी येऊन सहज म्हणाले, "आमचा सोळावा नंबर दिसतोय. न्हाई, आमचं काही म्हननं न्हाई." (काही म्हणणं नसलेला माणूस पाऊण तास बसला होता.) सटवामामाला सासऱ्यांच्या खाली राहायचं नव्हतं. सासऱ्यांना कुणाच्याच खाली राहायचं नव्हतं.

परमेश्वरनं शक्कल लढवली. पान दर वेळी उघडताना तेविसांपैकी कुणीही एक जण पहिला यावा, मोठा यावा, असं करून टाकलं. सगळेच पहिले, भांडण मिटलं! त्या आनंदात त्याला आणखी एक सुचलं. पहिल्या आलेल्या माणसाचा सत्कार व्हायला हवा. वाढदिवसाच्या बॅनरवर पुढाऱ्यांच्या गळ्यात झेंडूचा हार बसवणं हे तर त्याचं रोजचं काम. तयार हार हाताशी होताच. फोटो आला, की वरून हार झुलत झुलत खाली येईल आणि बरोबर गळ्यात पडेल, मागून चार पाकळ्या पडतील. लॅपटॉपवर हे इतकं सुंदर दिसलं, की वैष्णवीच्या डोळ्यांत पाणी आलं.

मोबाईलवर बघायचं मात्र राहिलं. कारण लॅपटॉपला नेट मोबाईलवरूनच चालू होतं, आणि मोबाईलला हात लावला की नेट तुटायचं.

सोमवारी सकाळी नऊ वाजता त्यानं नातेवाइकांच्या ग्रुपवर लिंक टाकली. खाली लिहिलं, 'आपल्या सर्वांच्या आठवणीत.' (त्याला 'आशीर्वादाने' लिहायचं होतं, पण ते जुनाट वाटलं.)

आता मोबाईलवर काय होत होतं ते सांगायला हवं. मोबाईलचा पडदा लहान, त्यामुळे फोटो लहान व्हायचा. हार मात्र लहान व्हायचा नाही. तो गळ्यात पडण्याऐवजी चौकटीच्या वरच्या दोन कोपऱ्यांना अडकून बसायचा. म्हणजे फोटोला हार. त्याखाली नाव. नावाखाली ब्लॉगनं आपणहून छापलेली आजची तारीख. आणि त्याखाली परमेश्वरनं मनापासून लिहिलेली ओळ : 'तुमचे उपकार कधीच फिटणार नाहीत.'

आणि पहिला कोण येईल याचा नेम नाही! त्या सकाळी शिरूरमध्ये ज्याच्या त्याच्या फोनमध्ये वेगळाच माणूस वारला होता.

सव्वानऊला सटवामामा दारात उभा राहिला. अंगात नुसतं बनियन, हातात फोन.

"परम्या, मला काय झालतं रे?"

"काही न्हाई की, मामा. कावून?"

"मग ह्ये काय हाय? मी शेळीला पाला टाकायलो आन् दिंडेवाडीचा पाव्हना फोन करतो, म्हने किती वाजता उचलायचं! मी म्हनलं कुनाला? तर म्हने सटवाला!"

परमेश्वरनं फोन हातात घेऊन बघितला. तेवढ्यात मुस्तकीमभाईंचा फोन आला. ते जन्मात कधी ओरडले नव्हते, आजही ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "बेटा, शेजाऱ्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलंय आन् समोर पन्नास माणसं उभी हायत. मी चहा पीत होतो तर मलाच बाजूला सरकवून आत बघायलेत. तेवढं जरा बघ."

परमेश्वर लॅपटॉपवर तुटून पडला. पण मामानं त्याच्या मोबाईलवरून दिंडेवाडीला आपण जिवंत असल्याचं सांगायला घेतलं होतं, आणि नेट तुटलेलं होतं. मामाला एवढंच सांगायला वीस मिनिटं लागली, कारण पलीकडचा पाहुणा विश्वास ठेवायला तयार नव्हता. त्यानंतरही एकामागून एक फोन येत राहिले आणि नेट काही जुळलं नाही. तोवर मागच्या अंगणात शेंगा फोडत बसलेल्या छबुबाईला यातलं काहीच माहीत नव्हतं.

पावणेअकराला जीप आली. कोपऱ्यापासूनच रडणं ऐकू आलं. पुढे होती छबुबाईची नणंद, उमापूरची वत्सलाबाई. तिच्या फोनमध्ये छबुबाई निघाली होती. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून तिनं पिठलं-भाकरीचं गाठोडंसुद्धा बांधून आणलं होतं. ओसरीवर येऊन ती भिंतीला टेकून खाली बसली आणि तिनं सूर लावला, "वहिनी गं, मला न भेटताच गेलीस गं!"

दोघी अकरा वर्षं एकमेकींशी धड बोलल्या नव्हत्या. कारण लुगड्याचं होतं. लुगडं कधीच फाटून गेलं होतं.

वैष्णवी धावत मागच्या अंगणात गेली. "आई, लवकर चला पुढं! आत्या तुमच्या नावानं रडायल्यात!"

छबुबाई सुपातल्या शेंगा टाकून आली खरी, पण मधल्या दारामागेच थांबली. बाहेर वत्सलाबाई म्हणत होती, "माझ्या बाळंतपनात रात्रंदिवस उशाशी बसली व्हती. असा जीव लावनारी बाई मी पाह्यली न्हाई. लुगड्याचं मीच खोटं बोलले गं वहिनी!"

"आई, चला की!"

"थांब गं," छबुबाई पदरानं डोळे पुसत कुजबुजली. "बोलू दे तिला. चांगलं बोलायलीय."

आणि बरोबर अकरा वाजता परमेश्वरच्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर राजनंदिनी मॅडम होत्या. त्यांना दिसला घामानं निथळणारा एक तरुण, आणि मागे हंबरडा फोडणारी बाई.

"परमेश्वरजी, तुमच्याकडे काही दुःखद... आपण नंतर बोलू या का?"

नंतर म्हणजे कधी? दसऱ्यानंतर? परमेश्वरनं आयुष्यातलं सगळं धैर्य गोळा केलं आणि म्हणाला, "न्हाई मॅडम. म्हणजे हो. आई गेलीय म्हणतेत, पण ती दारामागं हाय."

वैष्णवीनं त्याच्या हातातून फोन घेतला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. फोटो, क्रम, हार, मोबाईल, मामा, काही राखलं नाही. सांगताना ती मधल्या दाराकडे वळली, आणि लपायला जागा न उरलेली छबुबाई पडद्यावर आणि ओसरीवर एकदमच प्रकट झाली.

वत्सलाबाईचा सूर मध्येच तुटला. तिनं वहिनीला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मेली न्हाईस तर आधी सांगायचं की!"

"तू बोलू दिलंस तर सांगीन! पन वन्सं, लुगड्याचं ऐकलं बरं मी."

मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून खरोखरच्या रडल्या, आणि जीपमधून आलेली माणसं, आता आलोच आहोत तर, म्हणून त्यांच्यात सामील झाली. पिठल्याचं गाठोडं सुटलं. सटवामामानं पहिली भाकरी घेतली. (मेल्यापासून त्याच्या पोटात काही नव्हतं.)

पलीकडे राजनंदिनी मॅडम चष्मा काढून डोळे पुसत होत्या. हसल्यामुळे की कशामुळे, ते कळायला मार्ग नव्हता.

"परमेश्वरजी, एक विचारू? तुम्ही केलेलं काम कुठं आहे? मला फक्त तेवीस माणसं दिसली."

"खाली..." म्हणता म्हणता परमेश्वरच्या लक्षात आलं, की कामं दुसऱ्या पानावर ठेवली आणि तिकडं जायचं बटण द्यायचंच राहिलं. स्वतःचं नावसुद्धा त्यानं कुठं लिहिलं नव्हतं. त्यानं मान खाली घातली. "सॉरी मॅडम. राहूनच गेलं."

"बरं," मॅडम म्हणाल्या. "आमच्याकडं इंजिनीअर झालेली मुलं आहेत. लोकांनी पान उघडून निदान एक बटण तरी दाबावं, म्हणून आम्ही चार वर्षं डोकं फोडतोय. तुमचं पान बघून लोक जीप करून आले. हार नीट करा, कामाचं बटण द्या आणि उद्यापासून सुरू करा. तीन महिने बघू, मग कायमचं. आणि गिऱ्हाइकांशी फोनवर वैष्णवीताई बोलतील. तुम्ही नका बोलू."

फोन ठेवल्यावर परमेश्वर बराच वेळ ओसरीच्या कडेला बसून राहिला. समोर आत्या आईला स्वतःच्या हातानं घास भरवत होती. वैष्णवी चहा टाकत होती. मुस्तकीमभाई गर्दीतून कसेबसे सुटून लांबूनच हात हलवत येत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता. नववी नापास माणसाला या लोकांनी काय काय दिलं, हे त्याला कधीच नीट लिहिता आलं नसतं. तेवीस फोटो कमीच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आईला घेऊन आसाराम मुकादमाकडे गेला. आयुष्यात पहिल्यांदा तो ताठ चालत होता. मुकादम दारात दात घासत होता. छबुबाईला बघून त्याच्या हातातला तांब्या पडला. सगळं सांगून झाल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला.

"तर आसाराम," छबुबाई म्हणाली, "माझं नाव काढून टाक. पोराला काम लागलं."

"मावशे, तुझं नाव मी कालच खोडलं की! तुझा हारवाला फोटो पाह्यला आन् लई वाईट वाटलं. पन सटवाची जोडी मोडाया नको, म्हनून तुझ्या जागी दुसरं नाव लिहिलं."

"कुनाचं?"

मुकादमानं परमेश्वरकडे अतिशय मायेनं बघितलं. "ह्याचंच. म्हनलं, आई गेली बिचाऱ्याची. ना शिक्षन, ना कामधंदा, दिसभर फोनवर बोटं फिरवत बसतंय. आपन न्हाई तर कोन बघनार ह्याच्याकडं? थांब, आत्ता खोडतो."

त्यानं कानावरचा पेन काढला. छबुबाईनं एकदा लेकाकडे बघितलं आणि मुकादमाचा हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "तीन महिने बघू म्हनल्यात त्या बाई."