साहेबांचं घड्याळ आणि वहिनीचा प्रबंध

साहेब, भांडार तुम्ही बंद पाडलंत. वीज गेली नव्हती, यंत्र जुनं नव्हतं, मीही झोपलो नव्हतो. उगाच चौकशी समिती नेमू नका, बिचाऱ्यांना बिस्किटं खावी लागतील.

वाचकहो, विद्यापीठाचे सगळे प्रबंध ज्या डिजिटल भांडारात चढवतात, त्याची देखभाल मी करतो. काल दुपारी माझी वहिनी लॅपटॉप घेऊन ऑफिसात आली. घरचं नेट बंद होतं आणि तिची शेवटची मुदतवाढ पाचला संपत होती. पाचच्या आत प्रबंध चढला नाही तर नोंदणीच रद्द. म्हणजे एका हाताने कुकर उतरवत दुसऱ्या हाताने लिहिलेली इतकी वर्षं पाण्यात!

मी छाती काढून म्हणालो, "वहिनी, हे भांडार मला तळहातासारखं माहीत आहे. चहा निवायच्या आत काम होईल."

चहा निवला, त्यावर साय धरली. पासवर्ड बरोबर, तरी पडद्यावर आपलं 'प्रवेश नाकारला'. वहिनीला नाही, मला नाही, कुणालाच नाही. घरमालकाने गुपचूप कुलूप बदलावं तसं.

तेवढ्यात साहेब, तुम्ही केबिनमधून बाहेर आलात आणि हुकूम सोडलात, की सगळ्यांनी एकदम लॉगिन करून बघा, कुणाचं तरी होईल. झालं! हिशेबनीस, टंकलेखक, शिपाई, सगळे तुटून पडले. तोवर सर्व्हर नुसता नाही म्हणत होता, आता त्याला धाप लागली. एकेक पान उघडायला इतका वेळ, जणू भरपेट जेवलेला माणूस आरामखुर्चीतून उठतोय. मी हात जोडले, थांबा म्हणालो. कोण ऐकतो? घाईत चुकीचे पासवर्ड मारून निम्म्यांची खाती बंद पडली. त्यात माझंही.

"भावजी," वहिनी शांतपणे म्हणाली, "तळहात कुठला म्हणालात? डावा की उजवा?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं, अजून भरपूर वेळ आहे म्हणालो आणि यंत्रखोलीकडे पळालो. तिथल्या पडद्यावर चुकांची नोंद वाचली आणि डोकंच फिरलं. लॉगिनचं यंत्र वेगळं. ते प्रत्येकाला आत शिरायचा परवाना देतं, त्यावर त्या क्षणाची वेळ घालून. भांडार म्हणत होतं, ही वेळ अजून आलेलीच नाही, परवाना खोटा! भांडाराचं घड्याळ तासभर मागे होतं.

ऑपरेटर शेंगदाणे खात बसला होता. घड्याळ कुणी मागे केलं, विचारलं.

"साहेबांनी सांगितलं. त्यांचा अहवाल दुपारी उशिरा जात होता ना. रोजचंच की."

खरंच रोजचंच. आमच्याकडे साहेब उशिरा आले तर उशीर होत नाही, भिंतीवरचं घड्याळ मागे होतं. यंत्राचं करायला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, इतकंच.

मी ओरडलो, "आत्ताच्या आत्ता बरोबर कर!"

त्याने शेंगदाणे खाली ठेवले. "नक्की? तुमच्या वहिनींचं झालं?"

"आधी घड्याळ!"

त्याने घड्याळ बरोबर केलं. भांडार लोण्यासारखं उघडलं. मी धावत आलो तर वहिनी आत शिरलेली होती, प्रबंध जोडलेला होता, आणि पडद्यावर ठळक अक्षरांत: 'मुदत संपली आहे.'

भिंतीवर मात्र अजून साडेचार वाजले होते.

वहिनीने लॅपटॉप मिटला.

साहेब, तुमचा अहवाल भांडारात वेळेवर आलेला दिसतो. तुम्ही सकाळीच लॉगिन करून भांडाराच्या आत होतात, तुम्हाला दार अडलं नाही. ज्या घड्याळाने तुम्ही वेळेवर, त्याच घड्याळाने ती पाचच्या आत दारात उभी होती. उत्तर माझ्या खात्यावर पाठवू नका, ते अजून बंद आहे. वहिनी तुमच्या केबिनबाहेर बाकावर बसली आहे. तिच्या तोंडावर सांगा, प्रबंध घेता की नाही?