शंभर पाकिटं आणि आप्पांची पाहुणेमंडळी

"शंभर पाकिटं दोन तासांत संपवते की नाही, बघाच सर!" असं म्हणत तेजलने टेबलावर असा काही हात आपटला की दिवाकर सरांचा चहा कपातून बशीत आला.

कॉलेजातल्या क्लबांना मान्यता देणारे सर बशीकडे बघत राहिले. तेजल मात्र मागे हटणाऱ्यांतली नव्हती. देवळ्याहून नाशकात शिकायला आलेल्या या पोरीने जुलै महिन्यात गंगापूर रोडवरच्या आपल्या कॉलेजात उद्योजकता क्लब काढला होता. आता डिसेंबर उजाडला, तरी क्लबात माणसं तीनच. ती स्वतः अध्यक्ष, अथर्व विक्रीप्रमुख आणि सई खजिनदार. खजिना नव्हता, पण खजिनदार होती! साधा सभासद म्हणून एकही नाही, सगळे पदाधिकारीच. ठराव मांडला की अनुमोदनाला आणि विरोधाला तीच दोघं!

"मग ऐक," सर बशीतला चहा परत कपात ओतत म्हणाले. "संमेलनाच्या दिवशी स्टॉल लावा. माल स्वतः तयार केलेला हवा. शंभर पाकिटं विकून दाखवा, मी मान्यतेच्या पत्रावर सही करतो. नाही विकली, तर क्लब बंद. आणि फुकट वाटलेलं मी धरणार नाही. वाटप वेगळं, धंदा वेगळा!"

तेजलने माल ठरवलाच होता. तळलेला कुरकुरीत कांदा! वरणावर टाका, भातावर टाका, नाहीतर हॉस्टेलच्या पोरांसारखा नुसताच खा. घरी फोन केला तेव्हा तिचे वडील, हिरामण आप्पा, यांनी तिच्याकडून सगळं दोनदा वदवून घेतलं.

"कांदा तळून पुडीत भरायचा," ते शेवटी म्हणाले, "आन् लोक तो इकत घेणार? नाशकात लोकायला कढई नाय का?"

असं म्हणाले खरे, पण पुढचे आठ दिवस घरात दुसरं काम झालं नाही. आप्पांनी स्वतः कांदे निवडले, कापले, सुकवले. आई तळत होती. येणारा-जाणारा डोळे पुसतच पुढे जायचा. लांबच्या गल्लीतल्या एक आजीबाई तर कोण गेलं म्हणून विचारायला आल्या! तेजलला पत्र हवंच होतं, पण त्याहून जास्त तिला आप्पांना दाखवायचं होतं, की त्यांची मुलगी नाशकात नुसते कागद रंगवत नाही, काहीतरी उभं करते आहे. म्हणून तिने हट्टच धरला की पाकिटं घेऊन आप्पांनीच यायचं.

संमेलनाच्या दिवशी आप्पा पहिल्या एसटीने दोन खोकी घेऊन हजर झाले. इस्त्रीची टोपी, नवं धोतर आणि एवढ्या पोरांच्या गर्दीत काय करावं ते न कळून सगळ्यांनाच केलेला रामराम. तेजलने त्यांना स्टॉलवर खुर्ची दिली. पैसे घ्यायला क्यूआर कोडची पाटी मांडली. सई समूहनृत्यात होती, पण अथर्व होता.

तेवढ्यात माईकवरून पुकारा झाला, सगळ्या क्लबच्या अध्यक्षांनी दोन मिनिटांसाठी मंचावर यावं!

"आप्पा, तुम्ही नुसतं बसा. अथर्व विकेल," असं सांगून तेजल पळाली. पण दोन मिनिटांचा कार्यक्रम प्रमुख पाहुण्यांशिवाय सुरू होईना, आणि पाहुणे द्वारका चौकातल्या वाहतूककोंडीत अडकलेले! तेजल सव्वा तास मंचावर हसऱ्या चेहऱ्याने बसली.

परत येऊन बघते तर दोन्ही खोकी रिकामी! स्टॉलभोवती पोरापोरींचा गराडा, मधोमध आप्पा, चेहरा असा फुललेला की लेकीच्या पहिल्या वाढदिवसालाही फुलला नसेल.

"संपलं!" आप्पा लांबूनच ओरडले. "सगळं संपलं, पोरी! पुडी ऱ्हायली नाय!"

तेजलला हुंदकाच आला. तिने आप्पांना मिठी मारली, मग अथर्वकडे वळली. "झाले ना पैसे जमा?"

अथर्व चपलेच्या अंगठ्याकडे बघत होता. "तेजल, पैसे... नाही झाले."

"नेट बंद होतं?"

"नेट चालू होतं. पहिला मुलगा आला. मी म्हणालो, चाळीस रुपये, इथे स्कॅन कर. काकांनी त्याला विचारलं, गाव कुठलं? तो म्हणाला, वणी. काका म्हणाले, वणीला तर माझ्या साडूची बहीण दिली आहे! तुझ्याकडून पैसे घेतले तर साडूला तोंड कसं दाखवू? गेलं पाकीट!"

"मग दुसरा?"

"सटाण्याचा! तिथे तर काय, अर्धा गाव निघाला नात्यातला. मग एक मुलगी आली लातूरची. मला वाटलं, सुटलो! काका म्हणाले, इतक्या लांब आलीस, तुझं इथं कुणीच नाही? मग आम्हीच की! तिला दोन दिली."

"आणि तू बघत बसलास? अडवायचं नाही?"

"अडवलं ना! तर मलाच विचारलं, आई कुठली? मी बोलून गेलो, निफाडची. तेव्हापासून मी त्यांचा भाचा आहे. मामाला कसं अडवणार?"

क्यूआर कोडची पाटी? ती आप्पांनी आडवी ठेवून तिच्यावर चवीपुरता कांदा मांडला होता!

"अजून एक आहे," अथर्वने आवाज आणखी खाली आणला. "दिवाकर सर पाहणीला आले होते. त्यांचे थोरले बंधू पंचवटीत तीर्थोपाध्याय. काकांनी आडनाव विचारलं आणि निघालं, की तुमच्या घराण्याची सात पिढ्यांची नावं त्यांच्याच घरच्या वंशावळींच्या वहीत आहेत! काका भर गर्दीत सरांच्या पाया पडले. पाकीट दिलं. वर एकवीस रुपये दक्षिणा दिली."

तेजल मटकन खुर्चीत बसली. शंभर पाकिटांत एकदाच पैशांची देवाणघेवाण झाली होती, आणि तीही दुकानदाराने गिऱ्हाईकाला पैसे देऊन!

आणि मग तिच्या तोंडून नको ते निघून गेलं. "आप्पा, तुम्हाला काही कळतच नाही! कशाला बोलावलं मी तुम्हाला!"

गराडा दोन पावलं मागे सरकला. आप्पांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग कोपरीच्या खिशात हात घालत म्हणाले, "किती द्याचे असत्यात, सांग. मी भरतो."

तेजलला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला वाटलं," आप्पा अडखळत म्हणाले, "तू हितं एकली ऱ्हाती. आम्ही पडलो लांब. रातीबेराती आजारी पडली, आडलं-नडलं, तर कोण बघणार? म्हून जो येईल त्याला पुडी दिली आन् सांगितलं, आमच्या तेजलकडं ध्यान ठेवा, हा माझा नंबर, कायबी झालं तर कळवा. कांदा काय, पुन्हा तळू. माणसं कुठून आणायची?"

त्यानंतर तेजल रडली ती आप्पांच्या खांद्यावर डोकं ठेवून. कांद्याने सारं घर आठ दिवस रडलं नसेल एवढी! आप्पा तिच्या डोक्यावरून हात फिरवत "आसं नाय, आसं नाय" एवढंच म्हणत राहिले. संध्याकाळच्या एसटीत तिने त्यांना खिडकीची जागा धरून दिली आणि गाडी वळेपर्यंत हात हलवला.

दुसऱ्या दिवशी क्लबचा निकाल ऐकायला ती सरांच्या केबिनवर गेली. दाराबाहेर भली मोठी रांग! वणी, सटाणा, लातूर, सगळे होते.

"काय आहे इथे?" तिने विचारलं.

"सभासद व्हायचंय," वणीचा म्हणाला. "आपल्या काकांच्या मुलीचा क्लब बंद होतो म्हणजे काय?"

आत सर अर्जांच्या गठ्ठ्यामागे जवळजवळ दिसेनासे झाले होते.

"सर, खरं सांगते. विक्री शून्य झाली," तेजल म्हणाली.

"शून्य नाही, शून्याच्याही खाली!" सर म्हणाले. "एकवीस रुपये माझ्याकडे आहेत. अटीप्रमाणे मी तुझा क्लब कालच बंद करायला हवा होता. पण घरी बंधूंना सगळं सांगितलं, तर ते माझ्यावरच उखडले. यजमानाची दक्षिणा घेतलीस आणि लेकराला आशीर्वाद नाही? आमच्या घरात असं चालत नाही." त्यांनी पत्र पुढे ओढलं आणि सही ठोकली. "पुढच्या वेळी मात्र वडिलांना पुढच्या रांगेत बसव, स्टॉलवर नको. कांदा उत्तम होता."

अशा रीतीने क्लब उभा राहिला. सभासद एकसष्ट! अध्यक्षबाईंचा आनंद गगनात मावेना.

तो साधारण आठवडाभर टिकला. कारण आप्पांनी सोपवलेलं काम ही एकसष्ट मंडळी फार मनावर घेऊन करू लागली. कँटीनमध्ये तेजलने दुसरा वडापाव मागवला, की लातूरची मुलगी म्हणायची, "तेलकट किती खाशील?" साधी शिंक आली, तरी संध्याकाळी देवळ्याहून आईचा फोन, "काढा घेतला का?"

जानेवारीतल्या पहिल्या मोठ्या मीटिंगला निम्मे सभासद अर्धा तास उशिरा आले. तेजलचा पारा चढला. मागच्यांना दिसावी म्हणून ती स्टुलावर चढली आणि तिने शिस्त, वेळ, उद्योजकाची जबाबदारी यावर सगळ्यांना असं काही फैलावर घेतलं की पोरं माना खाली घालून बसली. शेवटच्या रांगेत कुणीतरी मोबाईलशी चाळा करत होतं, तेवढंच.

पाच मिनिटांत फोन वाजला. आप्पा!

"त्या वणीच्या पोराला वरडली का गं तू?"

"आप्पा, तो अर्धा तास उशिरा आला! मी अध्यक्ष आहे इथली!"

"हाय ना, अध्यक्ष हाय. नाय कोण म्हणतं? पण घरच्या पोरांवर आसं चारचौघांत वरडू नाय. आन् हे बघ, आधी त्या स्टुलावरून खाली उतर. त्याचा एक पाय हालतोय म्हणे."

तेजल मुकाट्याने खाली उतरली.